पटावर नाव आहे, मूल कुठे आहे?

दिवाळी सरता सरता बीड जिल्ह्यातल्या अनेक वर्गांमधली पोरं कमी होऊ लागतात. आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, दोघंही दिवसभर फडात, म्हणून धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी हवी, उसाचं वाढं गोळा करायला मुलगा हवा. मुलगी वर्षअखेरीस गणितात मागे पडते, पण त्याचं कारण गणितात नसतं. ते कारण शोधत घरापर्यंत, फडापर्यंत जाणारं माणूस शाळेकडे असावं, एवढीच शालेय समाजकार्यामागची कल्पना आहे.

अमेरिकेत १९०६-०७च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्डमध्ये घरभेटी देणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या, तिथून या कामाला सुरुवात झाली. आपल्याकडे मुंबईत १९३६ साली टाटा ट्रस्टने समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस. पुढच्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. पण समाजकार्य हा शब्दही न उच्चारता तेच काम करणारी माणसं आपल्याकडे होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांची दिनचर्या पाहिली आणि शाळा तिच्याप्रमाणे वळवली. गुरं राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मुलाला दोष न देता व्यवस्थेने जागा बदलायची, हा विचार मला आजही अनेक शासकीय योजनांपेक्षा पुढचा वाटतो.

१९८८ मध्ये निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या प्राध्यापिका रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना शेठ लष्करी यांनी मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' उभी केली. पुढे त्यांची शाळा बसमध्ये बसून वस्त्यांत फिरू लागली. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. १९९६ साली टिसमधूनच १०९८ ही मुलांची हेल्पलाइन जन्माला आली. कामाची उणीव नव्हती. मात्र बहुतेक कामं प्रकल्प म्हणून जगली, आणि निधी आटला की कार्यकर्ती वस्तीत दिसेनाशी झाली.

कायद्यातही या कामाला कायमची जागा मिळाली नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक आहेत, समाजकार्यकर्ता नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून शिक्षकच 'बालरक्षक' होऊन शाळाबाह्य मुलांना परत आणू लागले. त्यांच्यापैकी कित्येकांनी पदरमोड करून जीव ओतला. पण चार इयत्ता सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी भट्टीवर जायचं कधी?

शिवाय हे काम निव्वळ मायेने होत नाही. वडील वारले आणि मुलगा शाळेत यायचा थांबला, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज, मृत्यूचा दाखला, बाल कल्याण समितीपुढची हजेरी हे सगळं आईबरोबर बसून कुणीतरी करावं लागतं. एखादी मुलगी एकाएकी गप्प झाली, तर तिच्याशी कसं बोलायचं याचं शिक्षण लागतं. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते करताना मुलीचं नाव गावभर होऊ नये, चौकशीत तिला तेच तेच पुन्हा सांगावं लागू नये, ही दक्षता कुणी घ्यायची? बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्हीची चर्चा खूप झाली. मुलीला जवळ बसवून ऐकणाऱ्या माणसाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासमूहांना प्रशिक्षित समाजकार्यकर्ते जोडावेत असं म्हटलं आहे. आपल्याकडे त्यासाठी नवा सांगाडा उभारायला नको, आसपासच्या शाळांना जोडणाऱ्या केंद्रशाळा आहेतच. प्रत्येक केंद्राला एक कायम पद, प्रवासभत्ता आणि गावोगाव फिरण्याची मोकळीक द्यावी. पहिल्या नेमणुका बीडमध्ये, नंदुरबारच्या पाड्यांवर आणि रायगडच्या कातकरी वाड्यांत व्हाव्यात, आणि त्याही ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी.