एका वयाची, एका मापाची
काचेपलीकडचं पाणी : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण एंजलफिशची अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंतचा टप्पा पाहिला. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्लं बलकाच्या शिदोरीवर जगतात, एका जागी चिकटून वळवळत राहतात आणि मग पोहू लागतात. त्या दिवशी सगळी सारखीच दिसतात. महिन्याभराने त्याच टाकीत काहींना एंजलचा ओळखीचा त्रिकोणी आकार आलेला असतो, तर काही अजून काडीसारखी सडपातळ असतात. आईबाप तेच, अंडी एकाच दिवसाची, पाणी एक, खाद्यही एकच. मग एवढा फरक पडला कुठे?

‘काही पिल्लं मुळातच अशक्त असतात’ हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. ते काही पिल्लांबाबत खरं आहे; पण बहुतेकांच्या बाबतीत घाईचं आहे. लहान राहिलेल्या पिल्लाला बऱ्याचदा त्याचा वाटाच मिळालेला नसतो. हा वाटा पोचवणं आपल्या हातात आहे. आजच्या भागात तो कसा पोचवायचा ते पाहू.

फरक सुरू होतो कुठे?

तीन-चारशे अंडी एकाच घडीला फुटत नाहीत. शिवाय प्रत्येक पिल्लाच्या पोटाखालचा बलक सारखा नसतो. त्यामुळे काही पिल्लं इतरांच्या काही तास आधी, कधी अर्धा दिवस आधी पोहू लागतात. पहिला घासही त्यांनाच मिळतो. पहिलं खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवाचं नुकतं फुटलेलं पिल्लू साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरचं असतं. एंजलच्या पिल्लाच्या तोंडात ते जेमतेम मावतं. ज्याने ते आधी गिळलं, त्याचं तोंड आधी मोठं होतं, पोहण्याचा वेग वाढतो आणि पुढच्या वेळी खाद्यापर्यंत तेच आधी पोचतं. काही तासांची ही आघाडी रोज थोडी थोडी वाढत जाते.

यात एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण तो लांबीबरोबर उंचीत आणि जाडीतही वाढतो. म्हणजे १२ मिलिमीटरचं पिल्लू आणि १८ मिलिमीटरचं पिल्लू यांच्या लांबीत दीडपट फरक दिसला, तरी वजनात तो जवळपास साडेतीनपट असतो. डोळ्यांना किरकोळ वाटणारा फरक पाण्यात ताकदीचा मोठा फरक असतो.

इथून पुढे दादागिरी सुरू होते. एंजलफिश सिक्लिड कुळातला मासा आहे आणि जागेवर हक्क सांगणं हा या कुळाचा स्वभाव. मोठी पिल्लं खाद्याची जागा अडवतात, लहानांना हुसकावतात. ट्राउटसारख्या माशांवर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. दबलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि त्याची भूक मंदावते. त्यामुळे समोर खाद्य असूनही तो कमी खातो. ‘टाकीत खाद्य तर भरपूर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, ते यासाठीच.

खाद्य किती, यापेक्षा कुणाला

पंगतीत पाहिलं आहे ना? वाढपी पहिल्या पानापाशीच रेंगाळला तर शेवटचं पान रिकामं राहतं. स्वयंपाक कमी पडलेला नसतो. पिल्लांच्या टाकीतही खाद्य वाढवण्यापेक्षा ते सगळीकडे पोचवणं जास्त महत्त्वाचं आहे.

सुदैवाने कोणाला मिळालं आणि कोणाला नाही हे इथे स्पष्ट दिसतं. एंजलच्या पिल्लांची पोटं सुरुवातीला पारदर्शक असतात आणि आर्टेमिया नारिंगी. खाद्य दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पांढऱ्या वाटीत वीसेक पिल्लं घ्या आणि भिंगातून पाहा. ज्यांची पोटं नारिंगी आणि टम्म झाली आहेत, ती जेवली. ज्यांच्या पोटात रंग नाही, ती उपाशी आहेत. पोहायला लागल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत ही तपासणी रोज करावी. दोन-चार पोटं रिकामी दिसली तर थोड्या वेळाने पुन्हा थोडं खाद्य द्या.

आर्टेमिया उजेडाकडे धावतात. टाकीच्या एका कोपऱ्यावर दिवा असेल तर सगळं खाद्य त्याच कोपऱ्यात गोळा होतं आणि तो कोपरा दांडगी पिल्लं बळकावतात. म्हणून उजेड वरून, सगळीकडे सारखा पडेल असा ठेवावा. खाद्यही एका जागी न ओतता ड्रॉपरने चार-पाच ठिकाणी सोडावं. त्या वेळी स्पंज फिल्टरची हवा थोडी कमी केली तर खाद्य फिल्टरकडे ओढलं जात नाही. नंतर ती पुन्हा वाढवायला मात्र विसरू नये.

पहिले दोन आठवडे दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं खाद्य देणं उत्तम. एकदम भरपूर दिलं तर पहिल्या दहा मिनिटांत पुढारी पोटभर जेवतात आणि बाकीचे आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरून कुजतात. थोड्या वेळाने दुसरा हप्ता दिला तर पुढाऱ्यांची पोटं अजून भरलेली असतात आणि मागच्यांना संधी मिळते. नोकरी करणाऱ्यांना सहा वेळा जमणार नाही. त्यांनी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री आर्टेमिया द्यावेत, आणि सकाळी बाहेर पडताना थोडे मायक्रोवर्म सोडावेत. मायक्रोवर्म गोड्या पाण्यात आर्टेमियापेक्षा जास्त वेळ जिवंत राहतात आणि तळाशी वळवळत असतात, त्यामुळे दुपारची भूक भागते.

जागा आणि पाणी

पहिल्या आठवड्यात पिल्लांना फार मोठ्या टाकीत सोडू नये. शंभर लिटर पाण्यात चिमूटभर आर्टेमिया विखुरले तर लहान पिल्लांची ताकद खाद्य शोधण्यातच संपते. दीड-दोनशे पिल्लांना सुरुवातीला पंधरा-वीस लिटरची टाकी पुरते. तोंडासमोर सतत काहीतरी हलत राहिलं पाहिजे.

पण कमी पाणी लवकर घाण होतं. पिल्लांच्या उत्सर्गातून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं विषारीपण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात थोडी अस्वच्छताही महागात पडते. याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. आधीच दबलेल्या पिल्लांना तो जास्त बसतो आणि फरक आणखी रुंदावतो.

म्हणून रोज तळ सायफन करून एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदलावं. नवं पाणी क्लोरीन उडालेलं आणि त्याच तापमानाचं हवं. सायफनच्या टोकाला हवेची बारीक नळी लावली तर पिल्लं सहसा ओढली जात नाहीत. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात हीटरशिवाय हे काम करू नये. मांडणीवर एकाखाली एक टाक्या असतील तर प्रत्येकीचं तापमान वेगळं मोजा. वरच्या खणातली टाकी सहसा उबदार असते, आणि दोन अंशांच्या फरकानेही भावंडांची वाढ मागेपुढे होते.

महिन्याच्या पिल्लामागे एक-दोन लिटर पाणी आणि नाण्याएवढं अंग झाल्यावर चारेक लिटर, असा ढोबळ हिशेब ठेवावा. गर्दीने वाढ खुंटते, हे सर्वांना माहीत असतं. पण फार कमी पिल्लं ठेवल्यानेही काम बिघडतं. टाकीत पाच-सहाच असली तर एखादं दांडगं पिल्लू सगळी जागा ताब्यात ठेवतं. वीस-पंचवीस असली तर त्याला सगळ्यांना हुसकावणं जमत नाही आणि मार एकाच पिल्लावर पडत नाही.

प्रतवारी

एवढं करूनही फरक पडतो. तेव्हा आंबा-द्राक्षांसारखी इथेही प्रतवारी करावी लागते. तिची गरज किती तीव्र असू शकते, हे कोकणातल्या जिताडा माशाकडे पाहिलं की कळतं. जिताड्याची पिल्लं स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडही गिळू शकतात. म्हणून ती लहान असताना ठरावीक मापाची भोकं पाडलेल्या टबांमधून दर काही दिवसांनी त्यांना वेगळं करावं लागतं. एंजल इतका हिंस्र नाही, पण तत्त्व तेच.

माझ्या मते पहिली प्रतवारी पिल्लं पोहू लागल्यावर दहा ते चौदा दिवसांनी करावी. त्या वेळी फक्त पुढाऱ्यांना बाजूला काढायचं, साधारण दहातलं एक. एवढ्यानेही मागे राहिलेल्यांची वाढ बऱ्याचदा सुधारते, कारण हुसकावणारं जातं. चौथ्या आठवड्यात तीन गट करावेत: मोठी, मधली, लहान. सहाव्या आठवड्यात पुन्हा एकदा.

हे काम सकाळी, खाद्य देण्याआधी करावं. जाळी वापरू नये. एंजलचे लांब पर आणि अंगावरचा नाजूक चिकट थर जाळीत दुखावतात. टाकीतलं पाणी कमी करून पिल्लं पांढऱ्या वाटीने पाण्यासकट उचलावीत. अंदाजावर विसंबण्यापेक्षा पारदर्शक डबीखाली आलेख कागद ठेवून वरून फोटो काढावा. तोंडापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतची लांबी मोजावी. पर धरू नयेत, त्यांची लांबी फसवते. एका गटातलं सगळ्यात मोठं पिल्लू सगळ्यात लहानाच्या दीडपटीपेक्षा लांब नसावं, असा साधा नियम पुरतो.

प्रतवारीकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नये. तिने एकूण माशांचं वजन वाढेलच असं नाही. नव्या गटात काही दिवसांत नवे पुढारी तयार होतात, म्हणून ती पुन्हा करावी लागते. तिचा खरा फायदा असा की मागे पडलेल्याला नव्याने सुरुवात करता येते.

मागे राहिलेल्यांचं काय?

‘लहान’ गटाला दहा ते चौदा दिवस स्वतंत्र टाकी, ताजा आर्टेमिया आणि स्वच्छ पाणी द्या. उपासमार संपल्यावर मासे काही काळ नेहमीपेक्षा वेगाने वाढतात, ही मत्स्यसंवर्धनात चांगली ओळखलेली गोष्ट आहे. यातली बरीच पिल्लं मधल्या गटाला गाठतात. त्यांना कमी पडली होती ती फक्त संधी.

ज्यांची पोटं रोज भरतात तरी अंग धरत नाही, त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा आणि ती टाकी वेगळी ठेवावी. कल्ल्यावरचं झाकण अपुरं, पाठीचा कणा वाकडा, एखादा पर नाहीच, अशा व्यंगाच्या पिल्लांकडून पुढे पैदास करू नये. ती नको म्हणून विहिरीत, तळ्यात किंवा नदीत कधीही सोडू नयेत. शौकिनांच्या टाक्यांमधून बाहेर पडलेला सकरमाउथ मासा आज देशातल्या कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत देशी माशांच्या मुळावर उठला आहे.

इतर माशांसाठी थोडक्यात

गोल्डफिशला जठरच नसतं, त्यामुळे थोडं थोडं पण वारंवार खाद्य हा नियम त्याला आणखी कडकपणे लागू होतो. गप्पीत मादी नरापेक्षा मोठी होते; महिन्यानंतर दिसणारा फरक बराचसा नैसर्गिक असतो. तिथे मापाआधी नर-मादी वेगळे करावेत. फायटरचे नर वयात येताना एकमेकांवर तुटून पडू लागले की प्रत्येकाला स्वतंत्र बरणी हवी, नाहीतर जो हरतो त्याची वाढ थांबते.

चेन्नईच्या कोळत्तूरचा असो वा मुंबईच्या कुर्ल्याचा, व्यापारी एकसारख्या मापाचा लॉट मागतो. मिसळ मापाच्या मालाला भाव कमी मिळतो. पैशांचं हे कारण खरं आहेच. पण घरी पाच-पन्नास एंजल वाढवणाऱ्यालाही मी हेच सांगेन: पिल्लू लहान राहिलं म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी त्याचं पोट पाहा, पाणी पाहा, शेजारी कोण आहे ते पाहा. या तिन्ही गोष्टी सुधारून दोन आठवडे दिले आणि मग निकाल लावला, तर तो योग्य ठरतो. आणि जितक्या पिल्लांना असं लक्ष देता येईल, तितकीच वाढवायला घ्यावीत.

पुढच्या भागात : वाढलेल्या पिल्लांना कोरड्या खाद्याची सवय कशी लावायची आणि आर्टेमिया कधी बंद करायचा.