इंटरनेट बंद नाही, नाव सापडत नाही

डिसेंबर २०१८. सबमिशनचा आठवडा. आमच्या विंगमधल्या एका मित्राने रात्री जेवून आल्यावर उबुंटू १६.०४ वरून १८.०४ वर अपग्रेड लावला आणि झोपला. सकाळी उठून बघतो तर एकही साईट उघडेना. वायफायचा सिग्नल फुल्ल, शेजारच्या रूममधलं नेट व्यवस्थित, पण याचा ब्राउझर म्हणतोय सर्व्हर सापडत नाही. तासभर झटापट झाली. तिघांनी तीन सल्ले दिले आणि चौथ्याने तो दिला जो हॉस्टेलमध्ये कायम तयार असतो : "फॉरमॅट मार!" त्याने मारला. नेट चालू झालं, पण प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि निम्मा कोड गेला. शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता.

दोन दिवसांनी माझ्या मशीनवर हाच प्रकार झाला. फॉरमॅट करायची हिंमत नव्हती, म्हणून शांतपणे शोधत बसलो. बिघाड निघाला एका फाईलमधल्या एका ओळीत! तोच शोध इथे क्रमाने मांडतो. व्हर्जन बदलतील, पण शोधायची पद्धत तीच राहील.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॉम्प्युटर एकमेकांना आयपी ॲड्रेसने, म्हणजे आकड्यांनी ओळखतात. नावं आपल्या सोयीसाठी. अर्पानेटच्या काळात सगळ्या मशीनची नावं आणि आकडे एकाच फाईलमध्ये असत. ती फाईल कॅलिफोर्नियातली एसआरआय ही संस्था सांभाळायची आणि बाकीचे तिची कॉपी घ्यायचे. मशीन वाढल्यावर हे झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, मांडली. जुन्या फाईलची आठवण म्हणून 'होस्ट्स' नावाची छोटी फाईल अजून प्रत्येक मशीनमध्ये असते.

आता हॉस्टेलचं उदाहरण घ्या. पार्सलवाला गेटवर येतो. त्याच्याकडे नाव आहे, रूम नंबर नाही. तो वॉचमनला विचारतो, वॉचमन रजिस्टर बघून नंबर सांगतो. डीएनएस म्हणजे हा वॉचमन. तो जागेवर नसेल तर जिना, पॅसेज, रूम सगळं ठीक असूनही पार्सल पोचत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा : रस्ता बंद आहे, की वॉचमन गायब आहे?

पायरी पहिली. आधी आपल्या गेटवेला पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या आकड्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. उत्तर आलं तर रस्ता चालू आहे. (काही कॉलेजांचा फायरवॉल बाहेरचं पिंग अडवतो. गेटवे उत्तर देतोय आणि शेजाऱ्याचं नेट चालतंय, तर घाबरू नका, पुढे चला.)

पायरी दुसरी. एनएसलुकअप कमांडला एखाद्या साईटचं नाव द्या. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, तर दोष नाव शोधण्यात आहे. ड्रायव्हर, वायफाय कार्ड, केबल यांना हात लावायचा नाही.

पायरी तिसरी. नेटवर्कने आपल्याला कुठला डीएनएस सर्व्हर दिलाय ते बघा. उबुंटूत 'एनएमसीएलआय डिव्हाइस शो' या कमांडने तो दिसतो. आता एनएसलुकअपला साईटच्या नावापुढे त्या सर्व्हरचा आकडा द्या, म्हणजे थेट त्यालाच विचारा. माझ्याकडे लगेच उत्तर आलं. म्हणजे कॉलेजचा सर्व्हर ठणठणीत, चूक माझ्याच मशीनमध्ये.

पायरी चौथी. ईटीसी फोल्डरमधली 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाईल उघडा. नाव कुणाला विचारायचं ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या फाईलमध्ये १२७.०.१.१ होतं, आणि इथेच मेख होती. उबुंटू १६.०४ च्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम या आकड्यावर बसून नावं शोधून द्यायचा. १८.०४ मध्ये ते काम सिस्टिमडी-रिझॉल्व्हडकडे गेलं आणि तो बसतो १२७.०.०.५३ वर. म्हणजे वॉचमन नवीन आला, नव्या केबिनमध्ये बसला, पण गेटवरची पाटी जुन्याच रिकाम्या केबिनकडे बोट दाखवत राहिली!

पाटी का बदलली नाही? ही फाईल एरवी खरी फाईल नसून लिंक असते, आणि सिस्टिम आपोआप तिच्यामागचा मजकूर बदलते. मी कधीतरी ती लिंक उडवून तिथे साधी फाईल ठेवली होती. अपग्रेडने तिला हात लावला नाही.

उपाय सोपा. जुन्या फाईलचं नाव बदलून ती बाजूला ठेवली. तिच्या जागी रन, सिस्टिमडी, रिझॉल्व्ह या एकात एक असलेल्या फोल्डरांतल्या 'स्टब-रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' कडे जाणारी लिंक केली. सिस्टिमडी-रिझॉल्व्हड रीस्टार्ट केला. झालं!

"एवढं कशाला, फाईलमध्ये ८.८.८.८ टाक की," असं कुणीतरी म्हणेलच. घाई असेल तर तात्पुरतं चालेल. पण कॉलेजच्या आतल्या साईटची नावं बाहेरच्या सर्व्हरला माहीत नसतात. गुगल उघडेल आणि लायब्ररीचं पान उघडणार नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी बाहेरचे डीएनएस सर्व्हर बंदच केलेले असतात. आणि हाताने लिहिलेली ही पाटी पुढच्या अपग्रेडला पुन्हा नडणार. माझ्याबाबत तेच झालं होतं.

अजून एक चकवा. कधी एनएसलुकअपला उत्तर येतं, पण पिंग आणि ब्राउझरला तेच नाव सापडत नाही. कारण एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतो; बाकीचे प्रोग्रॅम आधी 'एनएसस्विच डॉट कॉन्फ' मधला क्रम पाळतात. आतल्या सर्व्हरचं नाव 'डॉट लोकल' ने संपत असेल तर ते डीएनएसपर्यंत न पोचता मधेच अडू शकतं, कारण ते टोक २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलेलं आहे. अशा वेळी तो क्रम तपासा.

विंडोजवाल्यांनाही पद्धत हीच : पिंग, एनएसलुकअप, मग 'आयपीकॉन्फिग ऑल' मध्ये डीएनएस सर्व्हर बघणे, आणि 'फ्लशडीएनएस' ने जुनी साठवण पुसणे.

तर मित्रांनो, अपग्रेडच्या आधी दोन गोष्टी करा : बॅकअप घ्या आणि सबमिशनचा आठवडा टाळा. तरीही नेट गेलंच, तर पहिला प्रश्न विचारा, रस्ता गेलाय की नाव? एवढं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. आणि तोपर्यंत कुणालाही "फॉरमॅट मार" असं म्हणू देऊ नका.