गरोदरपणातला 'एचबीएसएजी' रिपोर्ट माहेरी सोबत का न्यायचा?

गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत रक्त घेतलं जातं. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, हे घरात सगळ्यांना कळतं. त्याच रिपोर्टवर खाली 'एचबीएसएजी' अशी एक ओळ असते. ती मात्र फारसं कुणी वाचत नाही.

ही तपासणी हिपॅटायटिस बीची, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची. 'मला कधी कावीळ झालीच नाही, मग ही कशाला?' असा प्रश्न हमखास येतो. पण हा विषाणू अंगात असलेल्या अनेकींना कसलाही त्रास होत नाही. रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही.

बाळाला धोका किती?

मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला, तर बहुतेक वेळा शरीर त्याला हुसकावून लावतं. १०० पैकी ५ हून कमी जणांमध्ये तो कायम राहतो. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाला, तर गणित उलटं होतं. अशा सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो ठाण मांडून बसतो. पुढे मोठेपणी सिरोसिस किंवा यकृताचा कॅन्सर होण्याची भीती असते.

संसर्ग मुख्यतः प्रसूतीच्या वेळी होतो, म्हणून घड्याळ तिथून सुरू होतं. लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो. सरकारी लसीकरणात तो प्रत्येक बाळासाठी मोफत आहे. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही दिलं जातं, शक्यतो १२ तासांत. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंटमध्ये हीच लस असते. आईच्या रक्तात विषाणू जास्त असतील, तर शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोविरच्या गोळ्या देतात.

मग गोची कुठे होते?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या होतात सासरच्या गावात, कळा सुरू होतात माहेरी आणि फाइल राहते कपाटात. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं नसतं. ते आधी मागवून ठेवावं लागतं. रात्री दोन वाजता प्रसूती झाल्यावर शोधाशोध सुरू केली, तर १२ तास असेच निघून जातात. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट सातव्या महिन्यातच माहेरच्या डॉक्टरांना दाखवलेला बरा. निदान फाइलचे फोटो तरी मोबाइलमध्ये हवेत.

घरातले प्रश्न

केवळ या कारणासाठी सिझेरियन करावं लागत नाही. बाळाला अंगावर पाजता येतं. आईचं ताट-वाटी वेगळी करण्याचंही काही कारण नाही, एकत्र जेवल्याने हा संसर्ग पसरत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून मात्र पसरतो. त्यामुळे नवऱ्याची तपासणी हवीच. (ती बहुतेकदा राहून जाते आणि बोल बाईला लागतो.) मोठी मुलं असतील तर त्यांचीही करायची आणि संसर्ग नसेल तर लस द्यायची.

बाळाची तपासणी लगेच करत नाहीत. लसी पूर्ण झाल्यावर, नऊ महिन्यांनंतर त्याचं रक्त तपासतात. संसर्ग टळला का आणि लस लागू पडली का, हे तेव्हा कळतं.