शेवाळाच्या बरणीस निर्धोक दिवा

घरीं माशांची काचपेटी ठेवणाऱ्या वाचकांस ठाऊकच आहे कीं, विष्ठा व उरलेलें खाद्य यांमुळें पाण्यांत नायट्रेट व फॉस्फेट सांचतात. शेवाळास हेंच खत होय. म्हणून पेटीबाहेर पारदर्शक बरणींत मुद्दाम शेवाळ वाढवून तींतून पेटीचें पाणी फिरवितात. वाढलेलें शेवाळ वेळोवेळीं काढावें. पाणी गोडें असल्यास तें केळीच्या बुंध्याशीं टाकावें.

बरणीस उजेड एलईडी पट्टीचा द्यावा. तांबडा व निळा प्रकाश शेवाळ अधिक शोषतें. तथापि पांढऱ्या पट्टीनेंहि काम भागतें. खरी दक्षता विजेची. प्रस्तुत लेखकानें स्वस्त म्हणून थेट २३० व्होल्टांची पट्टी बरणीभोंवतीं गुंडाळली होती. एके दिवशीं बरणी पाझरून पाणी पट्टीच्या उघड्या टोंकाशीं पोहोंचलें, आणि पेटींत हात घालतांच खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. ती पेटी एरव्हीं नातू साफ करीत असे!

तेव्हां पट्टी १२ किंवा २४ व्होल्टांचीच घ्यावी. तिचा अडॅप्टर ‘आयसोलेटेड’ असावा, म्हणजे घरची वीज पट्टीपर्यंत येत नाहीं. आयपी६५ ची पट्टी शिंतोडे सोसते, बुडविणें सोसत नाहीं. दिवे बरणीबाहेरच बरे. अडॅप्टर पेटीच्या अगदीं वर न टांगतां बाजूस उंच ठेवावा. वायरीस सॉकेटाखालीं झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारें पाणी तेथेंच गळून पडतें. त्या सॉकेटास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जोडून घ्यावा. मात्र तो असला तरी हात घालण्यापूर्वीं बटण बंद करावेंच.