वेसाकच्या सुट्टीत श्रीलंकेचा प्रवास

तिकोणा पेठ व पवना खोऱ्यातील अन्य गावांतून श्रीलंकेच्या धम्मयात्रेस निघू इच्छिणाऱ्या उपासकाला मे महिना सोयीचा वाटतो. मुलांच्या शाळांना सुट्टी असते आणि भातपेरणीस अवकाश असतो. परंतु बहुधा याच महिन्यात वैशाख पौर्णिमा येते. तो श्रीलंकेचा सर्वांत मोठा बौद्ध सण, म्हणजे वेसाक होय. अशा वेळी त्या देशात प्रवास करणे म्हणजे काय, हे आधी समजून घेणे हिताचे आहे.

प्रथम तिथीचा विचार करू. वैशाख पौर्णिमा सर्व बौद्ध देशांत एकाच दिवशी येते, ही समजूत बरोबर नाही. प्रत्येक देशाची अधिकमास धरण्याची पद्धत निराळी आहे. २०२३ साली भारतात व श्रीलंकेत ती ५ मे रोजी, तर थायलंडमध्ये ३ जून रोजी साजरी झाली. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या देशाची सुट्ट्यांची यादी पाहावी.

श्रीलंकेतील ही सुट्टी सहजासहजी मिळालेली नाही. १८८३ साली कोलंबोतील कोटहेना येथे बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला. त्याची दाद मागण्यासाठी कर्नल ऑल्कॉट १८८४ साली लंडनला गेले. पुढे ब्रिटिश सरकारने वेसाकची सुट्टी मान्य केली आणि २८ एप्रिल १८८५ रोजी, त्या वर्षीच्या वेसाकला, बौद्ध ध्वज प्रथमच फडकला. आपल्या विहारांवर आज दिसणारा पंचरंगी ध्वज तो हाच. आपला सण राज्यसंस्थेने मानावा, यासाठी तेथील बौद्धांनी केलेल्या प्रयत्नांचे ते फळ आहे.

आता व्यवहार पाहू. पौर्णिमा व तिचा दुसरा दिवस अशी दोन दिवसांची सुट्टी असते. बँका व कार्यालये बंद राहतात. मद्य व मांस यांच्या विक्रीस बंदी असते. गावी जाणाऱ्यांमुळे बसगाड्या व आगगाड्या भरून वाहतात. म्हणून पैसे आधीच बदलून घ्यावेत, निवासाची सोय अगोदर करावी आणि या दोन दिवसांत लांबचा पल्ला टाळून एकाच ठिकाणी मुक्काम करावा. विहारात जाताना शुभ्र वस्त्रे परिधान करावीत व पादत्राणे बाहेर काढावीत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अवमानकारक मानले जाते.

मात्र गैरसोयींचीच गणना करणारा यात्रिक मुख्य गोष्टीस मुकेल. दिवसा शुभ्रवस्त्रधारी उपासक-उपासिका अष्टशील ग्रहण करून विहारात बसलेले दिसतात. रात्री घरोघरी कागदी आकाशकंदील लागतात आणि चौकाचौकांत जातककथा चितारलेली विद्युत् तोरणे उजळतात. रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’, म्हणजे दानशाळा, उभ्या राहतात. तेथे कोणालाही भात, पेय वा फराळ विनामूल्य मिळतो. जात, धर्म वा देश विचारला जात नाही. ज्या समाजाला पाणवठ्यावरही मज्जाव होता, त्या समाजातून आलेल्या यात्रिकास या पंक्तीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

परदेशीयांनी धम्मदानात सहभागी होणे मावळला नवीन नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशीयांनी येथे दान दिले. आज येथला उपासक परदेशात दान स्वीकारतो. स्वीकारणाऱ्याचेही कर्तव्य असते. हवे तेवढेच घ्यावे, अन्न टाकू नये आणि शक्य असल्यास वाढण्यास हातभार लावावा.

१९५० च्या मे महिन्यात पूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेस गेले, ते तेथील धम्म कितपत जिवंत आहे हे स्वतः पाहण्यासाठी. तीच दृष्टी यात्रिकाने ठेवावी. रोषणाई पाहावीच, परंतु तिच्यामागे शील व दान कितपत आहे, हेही पाहावे आणि परतल्यावर आपल्या गावच्या बुद्धजयंतीलाही तोच प्रश्न विचारावा.