घराचा श्वास, घराची ऊब

आपल्याकडे घर बांधणारा माणूस आधी वारा कुठून येतो ते बघतो. समोरासमोर खिडक्या, भिंतीत वर रोशनदान, कौलांच्या फटी. हवा येते-जाते, तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण जिथे बाहेर उणे दहा-पंधरा अंश थंडी असते, तिथे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेबरोबर पैसे मोजून मिळवलेली ऊब निघून जाते. म्हणून तिथे नवं घर बांधताना दोन प्रश्न एकदमच सोडवावे लागतात. घराला ऊब कुठून मिळणार? आणि घर श्वास कसा घेणार?

हा माझा प्रांत नव्हे. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझ्या भाच्याने स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळ घर बांधायला घेतलं आणि त्याची आई, म्हणजे माझी बहीण, तिथे राहायला जायची ठरली. तिला दमा आहे. ‘मामू, अम्मीच्या खोलीत कुठली हवा येणार, हे मला भिंती उभ्या राहण्याआधी ठरवायचंय,’ भाचा फोनवर म्हणाला. बांधकाम करणाऱ्यांनी ऊब, गरम पाणी आणि हवा अशी तिन्ही कामं करणारं एकच यंत्र सुचवलं होतं. ते घ्यावं की नाही? त्या निमित्ताने आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तो आज तुम्हाला सांगतो.

आधी हीट पंप म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरातल्या फ्रिजच्या मागे हात लावला तर गरम लागतं. आतल्या भाजीतली, दुधातली उष्णता काढून फ्रिज ती मागे टाकतो. हीट पंप नेमकं हेच करतो. फक्त आपल्याला त्याची गरम बाजू हवी असते. बाहेरच्या थंड हवेतही उष्णता असतेच. ती गोळा करून घरात आणायला थोडी वीज लागते. साध्या शेगडीत एक युनिट वीज जाळली तर एकच युनिट ऊब मिळते. हीट पंपात एका युनिटला साधारण तीन युनिट मिळू शकतात. कल्पना जुनी आहे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी ती १८५२ साली मांडली. झुरिकच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातली उष्णता घेणारा पंप १९३८ साली बसला.

स्वीडनमध्ये या यंत्राला बरकत आली ती १९७३च्या तेलसंकटानंतर. तोवर तिथली बरीच घरं आयात केलेल्या तेलावर ऊब घेत. तेल महागलं तशा लोकांनी फटी बुजवल्या, खिडक्या घट्ट केल्या. ऊब वाचली, पण हवा कोंडली. माणसांचा श्वास, अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे या सगळ्यांची वाफ आतच राहिली. ती गार कोपऱ्यात जाऊन बसली की ओल धरते, ओलीवर बुरशी येते आणि दमेकऱ्याचा त्रास वाढतो. घट्ट घराला श्वास मुद्दाम द्यावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

यावर निघालेली एक युक्ती मोठी हुशारीची आहे. मोठ्या फ्रिजएवढी पेटी घरात ठेवायची. तिचा पंखा न्हाणीघर, संडास, कपडे धुण्याची खोली इथली वापरलेली हवा ओढून घेतो. ही हवा वीस-एकवीस अंशांची असते. ती बाहेर टाकण्याआधी हीट पंप तिच्यातली उष्णता काढून घेतो आणि त्यावर घर व पाणी तापवतो. ताजी हवा खिडकीजवळच्या लहान झडपांतून आपोआप आत येते. जागा कमी, खर्च कमी, बाहेर खडखडणारं यंत्र नाही. भाच्याला सुचवलेली पेटी हीच.

आता हिशेब. तिथे दर चौरस मीटरला सेकंदाला ०.३५ लिटर ताजी हवा हा अनेक वर्षं धरलेला आकडा आहे. भाच्याचं घर १५० चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या सोळाशे चौरस फुटांचं. म्हणजे तासाला सुमारे १९० घनमीटर हवा बाहेर जाणार. एक घनमीटर हवा एक अंशाने थंड केली की वॅट-तासाचा तिसरा हिस्सा मिळतो. वीस अंशांनी थंड केली तर सगळ्या हवेतून सव्वा किलोवॅट. वाफेचं पाणी होताना मिळणारी थोडी आणि कॉम्प्रेसर चालवणाऱ्या विजेची थोडी धरली, तर झाले दोनेक किलोवॅट. नवी यंत्रं हवा शून्याच्याही बरीच खाली नेऊन आणखी काढतात. पण झरा तोच, घराच्या श्वासाएवढाच.

आणि गरज किती? बाहेर उणे पंधरा असताना या घराला पाच किलोवॅट लागणार होते. मधली तूट कोण भरणार? पेटीतलीच साधी कॉइल, आपल्या गीझरमधली असते तशी. ती एका युनिटला एकच युनिट देते. म्हणजे ज्या रात्री ऊब सर्वांत जास्त हवी, त्याच रात्री वीजबिल पळायला लागतं. पंखा वाढवून जास्त हवा ओढावी म्हटलं, तर तेवढीच थंड हवा झडपांतून आत येते. या हाताने घ्यायचं आणि त्या हाताने द्यायचं!

म्हणून काही हे यंत्र वाईट ठरत नाही. लहान सदनिकेत, किंवा ज्या घराची गरजच श्वासाएवढी आहे तिथे ते चोख काम करतं. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ साली ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतीची पहिली चार सलग घरं उभी राहिली. अशा घराच्या भिंती इतक्या जाड आणि बांधणी इतकी घट्ट असते, की कडक थंडीतही चौरस मीटरला दहा वॅट पुरतात. १५० चौरस मीटरला दीड किलोवॅट. तिथे हवा आणि ऊब एकाच पेटीतून देणं शोभतं. थोडक्यात, आधी घर घट्ट करायचं, मग यंत्र निवडायचं.

भाच्यापुढे दुसरा मार्ग होता तो दोन यंत्रांचा. एक फक्त हवेचं. त्यात आत येणारी थंड हवा आणि बाहेर जाणारी गरम हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. एकमेकींत मिसळत नाहीत, पण ऊब देतात-घेतात. तीन चतुर्थांशाहून जास्त ऊब परत येते. पाच किलोवॅटपैकी दोनहून अधिक तर नुसती ताजी हवा तापवण्यातच जाणार होते. त्यामुळे गरज साडेतीनच्या आसपास आली. ती भागवायला बाहेरच्या हवेवर चालणारा वेगळा हीट पंप. शिवाय खोलीत येणारी हवा गाळणीतून आणि कोमट होऊन येते. तिकडे वसंतात बर्च झाडांचे परागकण फार. दमेकऱ्याला ही गाळणी मोलाची. आणि एक यंत्र बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. पेटी एकच असेल तर हवा, ऊब, गरम पाणी सगळं एकदमच थांबतं.

भाच्याने दोन यंत्रं घेतली. खर्च वाढला, म्हणून काचेची पडवी रद्द केली. बहिणीच्या खोलीला लागून पंख्याची पेटी येऊ नये, हवेच्या नळ्या आखूड असाव्यात, प्रत्येक खोलीत येणारी हवा मोजून कागदावर द्यावी, गाळण्या कुणालाही सहज बदलता याव्यात, या अटी त्याने लिहून घेतल्या. एक अट माझ्या बहिणीची. तिच्या फोडणीचा धूर या यंत्रात जाता कामा नये. तेलकट धुराने ते तुंबतं. त्याला वेगळी नळी.

तुम्ही म्हणाल, आम्हाला याचं काय? आपला एसी हाही हीट पंपच आहे. ऊब आतून बाहेर नेणारा. पण भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. काचबंद खोलीत चौघे रात्रभर झोपले तर एकमेकांचा श्वासच पुन्हा घेत राहतात. नवा फ्लॅट बघायला जाल तेव्हा फरशी आणि नळ जरूर पाहा. पण बिल्डरला एवढं विचाराच: सगळं बंद केल्यावर या खोलीत हवा कुठून येते आणि कुठून जाते?