एडिटर नवा, एक्स्टेन्शन जुने

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, कोपरगाव आणि संगमनेर येथे सहकाराच्या पट्ट्यात १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. मोठ्या कंपन्यांतील अभियंते प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जे साधन वापरतात, ते आज तेथील विद्यार्थ्यालाही मोफत मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर केलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा एडिटर असेच एक साधन आहे. त्याला बाहेरून जोडता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला एक्स्टेन्शन म्हणतात. ते कोणीही लिहू शकतो; मात्र ते अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही लिहिणाऱ्यावरच येते.

शेतकऱ्याने ट्रॅक्टर बदलला की जुन्या औजाराची जोडणी जुळते का, हे पाहावे लागते. येथेही तसेच आहे. प्रत्येक एक्स्टेन्शनसोबत ‘पॅकेज डॉट जेसन’ ही माहितीची फाइल असते. एडिटरची किमान कोणती आवृत्ती लागेल, हे तीत नोंदवलेले असते. लेखक नव्या एडिटरमधील एखादी सोय वापरू लागला, तर हा आकडा वाढवणे भाग पडते. तो न वाढवता नव्या आवृत्तीची टाइपविषयक व्याख्या जोडली, तर एक्स्टेन्शन बांधणारे साधन काम थांबवते.

खरा प्रश्न उलट दिशेचा आहे. आकडा विनाकारण वाढवला, तर जुना संगणक वापरणारा मागे राहतो. विंडोज ७ वर या एडिटरची १.७०.३ हीच शेवटची आवृत्ती चालते. किमान आकडा त्यापुढे गेला, की अशा संगणकाला एक्स्टेन्शनची आधीची, जुळणारी आवृत्तीच मिळते. नंतरच्या दुरुस्त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

एक उदाहरण पुरेसे आहे. एक्स्टेन्शनमधील आज्ञा दिल्यावर ते सुरू व्हावे, यासाठी पूर्वी माहितीच्या फाइलमध्ये वेगळी ओळ लिहावी लागे. २०२२ अखेरच्या १.७४ आवृत्तीपासून तिची गरज उरली नाही. नीटनेटकेपणासाठी लेखकाने ती ओळ काढली आणि किमान आकडा जुनाच ठेवला, तर नव्या एडिटरवर काहीही बिघडत नाही. जुन्या एडिटरवर मात्र आज्ञा यादीत दिसते, पण चालत नाही. ओळ तशीच ठेवली, तर दोन्हीकडे काम होते.

म्हणून अद्ययावत करताना क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी एडिटरच्या बदलांची टिपणे वाचावीत, मग खरोखर लागणारी किमान आवृत्ती ठरवावी. त्यानंतर त्या किमान आणि सर्वांत नव्या, अशा दोन्ही आवृत्त्यांवर एक्स्टेन्शन चालवून पाहावे. केवळ स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर केलेली चाचणी अपुरी असते. किमान आवृत्तीचा तो आकडा म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो.